बोरटोलीचा हट्टी जंत

नालवाडीत आमच्या घराला लागूनच डॉक्टर अच्युत देशकर राहतात. डॉक्टर म्हटलं की पाहुणा आपोआप जीभ बाहेर काढतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो: हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, जंतांचे आहेत. माणसाच्या आतड्यात बसून फुकट खाणारे जे जे म्हणून प्राणी आहेत, त्यांच्यावर ह्यांनी तीस वर्षं संशोधन केलं आणि पगार घेतला. कोण कोणाच्या जिवावर जगलं, ते मी बोलत नाही. माझं वर्ध्यात प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान आहे, बादल्या, डबे, गाळण्या विकतो आणि शेजारधर्म पाळतो.

हा शेजारधर्म सोपा नव्हता. रविवारी सकाळी अच्युतराव आमच्याकडे तर्री-पोहे खायला येत आणि पहिला घास गिळायच्या आत आकडेकृमीवर येत. हा जंत मातीत असतो, अनवाणी माणसाच्या तळव्यातून आत शिरतो, आतड्याला दात रोवतो आणि वर्षानुवर्षं रक्त पितो, हे मला त्यांच्यामुळे पाठ झालं आहे. एकदा शेवयांच्या खिरीतली एक शेवई चमच्यावर उचलून त्यांनी मोठ्या जंताची लांबी समजावून सांगितली. त्या दिवसापासून माझ्या बायकोने, शोभाने, घरात शेवया करणं बंद केलं.

माणूस वाईट नव्हता. उसनं मागायला येत नसे, भिंतीवरून भांडत नसे. पण विद्वानाला असावा तेवढा गर्व होता, आणि त्यावर थोडा व्याजाचाही होता.

त्यांची कीर्ती बोरटोलीवर उभी होती. बोरटोली म्हणजे अल्लीपूरच्या अलीकडची पन्नासेक घरांची वस्ती. अच्युतराव नोकरीला नवे होते तेव्हा त्यांच्या संशोधन संस्थेने त्यांना तिथे पाठवलं: घराघरातून माणसांच्या शौचाचे नमुने आणायचे, दुर्बिणीखाली जंतांची अंडी मोजायची, आणि कोणत्या घरात किती, ते सांगायचं. काम सरळ होतं. पण नमुन्याच्या डब्या नागपूरहून यायच्या होत्या आणि त्या काही येईनात. तेव्हा साहेब माझ्या दुकानात आले. लहान, घट्ट झाकणाच्या, स्वस्तातल्या डब्या हव्या होत्या. माझ्याकडे तेवढ्या मापाच्या एकाच होत्या, लाल झाकणाच्या, कुंकवाच्या.

"अच्युतराव, ह्या कुंकवाच्या डब्या आहेत," मी म्हणालो. "बाया यात तसलं काई भरनार नाई."

"विज्ञानाच्या दृष्टीने डबी ही डबी असते, प्रभाकरराव," असं म्हणून त्यांनी दोन गठ्ठे उचलले.

बोरटोलीच्या पारावर उभं राहून त्यांनी भाषण दिलं. अच्युतराव जन्मले हिंगणघाटला, वाढले वर्ध्याला, पण खेड्यात पाऊल टाकलं की त्यांच्या तोंडून क्रमिक पुस्तक बाहेर पडे. "आपण प्रातर्विधीस गेल्यावर नमुना स्वतः संकलित करावा," असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव नावाचा एक हडकुळा शेतकरी फाट्यावर पिशवी घेऊन उभा होता आणि पिशवीत सगळ्याच्या सगळ्या डब्या भरलेल्या होत्या. एक कमी नाही. अच्युतरावांना भरून आलं. इतर गावांत चार घरं फिरून दोन डब्या मिळायच्या आणि एका डबीत माती निघायची.

अंडी मोजल्यावर तर ते उडालेच. पाटलाच्या घरात जेवढी अंडी, तेवढीच मजुराच्या घरात. सासूच्या पोटात जे जंत, तेच सुनेच्या, तेच शाळकरी पोराच्या, आणि मोजणीही जवळजवळ तीच. असं जगात कुठे सापडलं नव्हतं. सापडणार कसं?

आमच्या घरी ही बातमी पोह्यांवरच आली. शोभा तेव्हा कांदा चिरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सगळ्या गावानं एकाच ताटात जेवलं होतं काय?"

"वहिनी, यामागे सामाजिक कारण आहे," अच्युतराव म्हणाले आणि त्यांनी ते कारण एका तासात सांगितलं. विहीर एक, वावराची वाट एक, म्हणून जंतही एक. परदेशातल्या एका मासिकात हा लेख छापून आला. तिथल्या कोणा लेख तपासणाऱ्याने शोभाचाच प्रश्न इंग्रजीत विचारला होता म्हणे. त्याला अच्युतरावांनी असं सविस्तर उत्तर लिहिलं की तो बिचारा दमून गप्प बसला. पुढे दर समारंभात ह्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "बोरटोलीचा जंत जातपात मानत नाही." वर्ध्यात समतेवर कोणीही बोललं तरी टाळ्या मिळतात. हे जंतातून समता काढत, म्हणून जास्त मिळत.

मग संस्थेने बोरटोलीत जंताची गोळी वाटली. घरोघर, हातात दिली. काही दिवसांनी पुन्हा डब्या गेल्या, पुन्हा रूपरावच्या पिशवीतून भरून आल्या, आणि पुन्हा अंडी तेवढीच. एकही जंत मेला नव्हता. दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. अच्युतरावांनी दुसरा लेख लिहिला: औषधाला न जुमानणारा जंत. त्यावर त्यांना बढती मिळाली, बँकॉकची परिषद मिळाली, आणि एका जाड पुस्तकात बोरटोलीचं नाव छापून आलं. पुढे दर तीन-चार वर्षांनी ते जात, डब्या देत, डब्या आणत. जंत आपल्या हट्टाला पक्का होता आणि साहेब आपल्या सिद्धांताला.

रूपरावचं ते कौतुक करत. "असा सहकार्य करणारा ग्रामस्थ मी पाहिला नाही," म्हणत. दर वेळी पिशवी घेताना त्याचे आभार मानत, एकदा तर शालही दिली. त्याच्या तोंडाकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, कारण पिशवी हातात आली की त्यांचं लक्ष पिशवीत असे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, संस्थेने अच्युतरावांना जीवनगौरव द्यायचं ठरवलं. बोरटोलीच्या जंतावर एक स्वतंत्र कक्ष निघणार होता आणि त्याला ह्यांचं नाव लागणार होतं. अच्युतरावांनी महिनाभर आधी सूट शिवायला टाकला. माणसाला मुलबाळ नसलं की त्याचा जीव अशा पाट्यांमध्ये अडकतो; त्यांच्या पत्नी, शरयूवहिनी, वारल्यापासून तर त्या घरात दुसरं बोलायला काही उरलं नव्हतं. म्हणून त्या महिन्यात मी थट्टा जरा कमी केली.

समारंभाला मी आणि शोभा चौथ्या रांगेत होतो. पुढे बोरटोलीची माणसं जीपमधून आणून बसवली होती. संचालकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी गावाच्या वतीने रूपरावला मंचावर बोलावलं. चार पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. अच्युतरावांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असलेला हा माणूस त्यांच्या बापासारखा दिसत होता. गळ्यात हार घातला, हातात माईक दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

रूपरावने दम घेतला.

"म्या काई जास्त बोलत नाई," तो म्हणाला. "साहेब पयल्यांदा टोलीवर आले तवा बाया म्हने, कुंकवाच्या डबीत घान नाई भराची. सवाष्नीचं लेनं आहे ते. आन् बाया नाई म्हने त गडी बी मांगं सरले. मंग साहेब खाली हातानं जाईन म्हून सप्पा डब्या, एकूनएक, म्याच भरल्या. काडीनं थोडं थोडं. तवापासून जवा जवा साहेब आले तवा तवा म्याच भरल्या. एक डाव बी त्याईले रिकामं नाई धाडलं."

शोभाने माझ्या दंडाला चिमटा काढला, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत निळा होता.

"आन् गोयी वाटली तवा," रूपराव पुढे म्हणाला, "सप्पायनं खाल्ली. म्या नाई खाल्ली. म्हतलं, आपल्या पोटातले मेले त साहेबाचं काम बंद पडन. एवढंच बोलतो."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगतो, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाहुणे डोळे पुसत म्हणाले, याला म्हणतात लोकसहभाग. तीस वर्षांचं संशोधन भर सभेत आडवं झालं आणि ते अख्ख्या सभागृहात चौघांनाच कळलं: मला, शोभाला, संस्थेतल्या यामिनी नावाच्या तरुण डॉक्टरणीला, आणि अच्युतरावांना. यामिनीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. अच्युतरावांच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की मला वाटलं हे आता खुर्चीतून घसरतात.

घसरले नाहीत. उठले, माईकपाशी गेले, खिशातला कागद काढला आणि छापलेलं भाषण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "बोरटोलीचा जंत जातपात मानत नाही" हेसुद्धा वाचलं. तेव्हा मला त्यांचा राग आला. तीस वर्षं ज्यांची थट्टा केली त्या शेजाऱ्याचा इतका राग आला की मी शोभाला म्हणालो, चल घरी.

पण ती जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. रूपराव बाहेरच्या पायरीवर बसून धापा टाकत होता. अच्युतराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, मग नव्या सुटासकट उकिडवे बसले. त्यांनी अंगठ्याने रूपरावच्या डोळ्याखालची कड खाली ओढली. आतून लाल दिसायला हवं, ते सायीसारखं पांढरं होतं. जंताने माणसाचं रक्त प्यायलं की नेमकं इथेच दिसतं, हे मलासुद्धा ठाऊक होतं. मला पोह्यांवर सांगितलं होतं की.

"काय झालं साहेब?" रूपरावने विचारलं. "म्या काई चुकीचं बोललो काय?"

"नाही," अच्युतराव म्हणाले. "तुम्ही गोळी घ्या."

"मंग तुमचं काम?"

"झालं ते."

यामिनी दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त इतकं कमी निघालं की तपासणाऱ्याने दुसऱ्यांदा तपासलं. गोळ्या सुरू झाल्या, लोहाच्या बाटल्या सुरू झाल्या.

इकडे अच्युतरावांचं पोह्यांना येणं बंद झालं. मीच एक दिवस भिंतीवरून डोकावलो तर अंगणात यामिनी त्यांच्यासमोर उभी होती. दोन्ही लेख मागे घ्यायला हवेत, ती म्हणत होती. त्या लेखांवर विश्वास ठेवून लोक नवी औषधं शोधताहेत, पैसा घालताहेत, आणि मुळात तो एका माणसाच्या न खाल्लेल्या गोळीचा परिणाम आहे. तिने संचालकांनाही सगळं सांगितलं होतं, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते आदल्याच दिवशी येऊन गेले होते आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं बोलून चहा पिऊन गेले होते. कक्षाच्या पाटीवरची अक्षरं रंगवायला दिली होती.

"आता या वयात कशाला, प्रभाकरराव," ती गेल्यावर अच्युतराव मला म्हणाले. "कोणाचं नुकसान आहे? रूपरावला औषध मिळालं. माझं नाव तेवढं राहू द्या."

"राहू द्या ना," मी म्हणालो. "नाव तुमचं, पोट त्याचं. वाटनी बराबरच झाली."

ते घरात निघून गेले आणि दार लावून घेतलं. मूठ झाकलेलीच राहिली. दसरा गेला, दिवाळी गेली. पाटीचा रंग वाळला. यामिनी पुन्हा दोनदा आली आणि दोनदा तशीच गेली.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा एका सकाळी त्यांच्या फाटकाशी ऑटो थांबला. मी बाहेरच झाडांना पाणी देत होतो. ऑटोतून रूपराव उतरला, शेंगांचं गच्च भरलेलं पोतं त्याने खांद्यावर घेतलं आणि ओट्यावर नेऊन टाकलं. धाप नाही, काही नाही. मी आधी त्याला ओळखलंच नाही. मागून त्याची बायको पंचफुला उतरली. अच्युतराव बाहेर आले, मला हाताने खुणावून त्यांनी बोलावून घेतलं. मला वाटतं त्यांना एकट्याने तिच्यासमोर बसायची भीती वाटली असावी.

पंचफुला भांडायला आली नव्हती. ती आभार मानायला आली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"साहेब, हा मानूस आता पहाटेच वावरात जाते," ती म्हणाली. "दुपारी बांधावर पडून नाई राहात. कापूस येचते, गडबड करते, मलेच म्हनते हात उचल. म्या याले जलमभर आयशी, कामचोर म्हतलं. माह्या सासूनं म्हतलं, पोराईनं म्हतलं. पोरीच्या लग्नात याच्यानं पाट उचलल्या गेला नाई त चारचौघात बोलली म्या, का मर्दा तुह्या अंगात जीव नाई. आयशी नोता, साहेब. याच्या अंगात रगतच नोतं."

रूपराव शेंगा सोलत हसत होता, जणू दुसऱ्याचीच गोष्ट चालली आहे.

मग तिने विचारलं. आवाज चढवला नाही, खरंच तिला कळत नव्हतं म्हणून विचारलं. "साहेब, एक इचारू? तुमाले मालूम नोतं काय? तुमी त याचंच पाहत होते ना, दुर्बिनीत? इतके वर्षं?"

अच्युतरावांकडे प्रत्येक प्रश्नाला एक तासाचं उत्तर असे. त्या दिवशी ते खाली शेंगांच्या टरफलांकडे पाहत बसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा रूपरावच घाबरून म्हणाला, "राहू दे वं, काऊन तरास देत राह्यली त्याईले."

ती दोघं गेल्यावर अच्युतरावांनी माझ्यासमोर यामिनीला फोन लावला. "लिही," म्हणाले. "दोन्ही लेख. कारण काय ते सरळ लिही. कुंकवाच्या डब्यांपासून लिही."

व्हायचं ते झालं. संचालकांनी ओळख सोडली. पाटी कक्षाला लागायच्या आधीच अडगळीत गेली आणि रंगाऱ्याने आपले पैसे मागितले ते वेगळंच. परदेशी मासिकाने चार ओळी छापल्या. त्या जाड पुस्तकात बोरटोलीचा जंत अजूनही हट्टीच आहे, आणि पोरं तो पाठ करून पास होतात. ओळखीपाळखीचे लोक अच्युतरावांना रस्त्यात थांबवून हळूच विचारत, खरंच का हो, सगळ्या डब्या एकाच्याच? ते प्रत्येकाला हो म्हणत. मी दहा वर्षं पुरेल एवढी थट्टा साठवून ठेवली होती, त्यातली थोडी वापरली. उरलेली शोभाने वापरू दिली नाही.

या फेब्रुवारीत यामिनीने बोरटोलीची पाहणी पहिल्यापासून करायचं ठरवलं. डब्या माझ्याकडूनच घेतल्या, पांढऱ्या, फिरकीच्या झाकणाच्या. अच्युतराव बरोबर जाणार होते, म्हणून मीही गाडीत बसलो. पारावर माणसं जमली. यामिनीने घरगुती भाषेत सगळं समजावलं, बायांशी वेगळी बसून बोलली, डबी कोणती ते दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशाच माना मागेही डोलावल्या असणार, असं माझ्या मनात आलं.

तिने पहिली डबी पुढे केली तेव्हा समोरची बाई म्हणाली, "मले काऊन देता? रूपरावले द्या ना. तोच भरते सप्पा."

सगळ्यांनी रूपरावकडे पाहिलं. रूपराव ओशाळला. त्याने टोपी काढली आणि अच्युतरावांपुढे, मोठा गुन्हा झाल्यासारखा, उभा राहिला.

"आता माह्याच्यानं नाई होत, साहेब," तो म्हणाला. "तुमी गोयी खाऊ घातली ना. आता माह्या पोटात काईच नाई."

गावापुढे अडचणच उभी राहिली होती. मग मागून कोणीतरी तोड काढली.

"त मंग प्रेमदासले सांगा. तो बी दिवसभर भिताडाले टेकूनच बसून राह्यते. त्याच्यानं काई काम होत नाई."

लोक हसले. प्रेमदास खरोखरच मंदिराच्या भिंतीला टेकून बसला होता, चाळिशीचा, चेहरा चुन्यासारखा. तोही हसला आणि डबी घ्यायला त्याने हात पुढे केला.

यामिनीच्या हातातली डबी अच्युतरावांनी काढून घेतली आणि पारावर ठेवून दिली. मग चष्मा पुसला, आणि उभ्या आयुष्यात बोरटोलीत जसं बोलले नव्हते तसं बोलले.

"प्रेमदास, आंधी इकडं ये. डोया दाखव."